उबेचा जमाखर्च

कार्तिकी पौर्णिमा उलटली की सातारा आणि सांगली या दोन्ही शहरांची पहाट पालटते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची वार्ता येते आणि त्याच डोंगरांवरून उतरणारा गार वारा साताऱ्याच्या पेठांतून फिरू लागतो. शहराच्या दक्षिणेस अजिंक्यतारा उभा असल्याने पायथ्याच्या घरांना हिवाळ्यातील कलते ऊन आधीच कमी मिळते. सांगली सखल प्रदेशात आहे. तेथे कृष्णाकाठचे धुके सकाळी उशिरापर्यंत गल्ल्यांत रेंगाळते आणि भिंतींचा ओलावा थंडीला अधिक बोचरे करतो. दोन्हीकडे किमान तापमान कधी कधी १० अंशांच्या आसपास उतरते. काश्मीर-हिमाचलच्या मानाने ही थंडी किरकोळच. परंतु तेथील घरे थंडीसाठी बांधलेली असतात आणि येथील घरे उन्हाळा-पावसाळ्यासाठी. त्यामुळे बाहेरची थंडी सौम्य असूनही घरातली थंडी हाडांत शिरते.

तिचा पहिला भार वृद्धांवर पडतो. व्यापारी घरांतून पुष्कळदा दिसणारे चित्र असे : खाली दुकान, वर घर आणि मागच्या बाजूला, उत्तरेकडे तोंड असलेल्या लहानशा खोलीत आजींचा पलंग. देवदर्शनाला पहाटे उठण्याचा त्यांचा नेम थंडीतही मोडत नाही. गुडघे आखडतात, खोकला हटत नाही, म्हणून मुलगा मोठ्या मायेने विजेचा हीटर आणून ठेवतो. महिनाअखेरीस वीजबिल येते, घरात त्याची चर्चा होते आणि ती आजींच्या कानी पडते. त्या रात्रीपासून सगळे निजले की आजी हळूच उठून हीटरचे बटण बंद करतात. सकाळी विचारले तर म्हणतात, “मला उकडत होतं रे.”

मुलाची माया खोटी नाही आणि आजींची काटकसरही खोटी नाही. चूक आहे ती हिशोबात. दुकानात मालाची गळती शोधल्यावाचून नवे भांडवल ओतणाऱ्यास कोणी शहाणा म्हणत नाही. मग घरातील उबेची गळती न शोधता तेथे वीज ओतण्यात कोणता व्यवहार?

हा हिशोब आकड्यांत पाहावा. २००० वॅटचा हीटर तासाला २ युनिट वीज घेतो. रोज तीन तास अखंड चालला तर ६ युनिट आणि महिन्याला १८० युनिट होतात. घराचा मूळ वापर १५० युनिट असेल तर एकूण आकडा ३३० वर जातो. घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढत असल्यामुळे शंभर आणि तीनशे युनिटांच्या पायऱ्या ओलांडल्यावर पुढची वीज अधिक महाग पडते. एवढे करून हीटर बंद केल्यावर तासाभरात खोली पुन्हा गार होते. विकत घेतलेली ऊब दाराखालून, खिडकीच्या फटीतून आणि छपरातून निघून गेलेली असते.

फटी आणि दारे

पहिली गळती दाराखाली असते. दार तीन फूट रुंद आणि त्याखाली अर्ध्या इंचाची फट असेल तर ती १८ चौरस इंचांची होते; म्हणजे भिंतीला चार इंचांहून थोडे अधिक लांब-रुंद भोक पाडून रात्रभर उघडे ठेवण्यासारखेच. भिंतीतील असे भोक कोणीही त्याच दिवशी बुजवील. दाराखालचे मात्र वर्षानुवर्षे कोणाच्या डोळ्यांत येत नाही. जुन्या साडीची लांब पिशवी शिवून तिच्यात चिंध्या भराव्यात आणि रात्री ती दाराच्या पायाशी लावावी. खर्च जवळपास शून्य. उंबरे असलेल्या जुन्या घरांत ही फट नव्हतीच. नव्या घरांतून उंबरा गेला आणि त्याच्यासोबत त्याचा हा उपयोगही गेला.

खिडक्यांच्या लाकडी चौकटी पावसाळ्यात फुगतात आणि हिवाळ्यात आक्रसतात. अंधार पडल्यावर पेटलेल्या उदबत्तीचा धूर चौकटीच्या कडेने फिरवला तर तो जेथे थरथरतो तेथे फट आहे असे समजावे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी फोमची किंवा रबराची चिकटपट्टी तेथे लावावी. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांतून वारा खालच्या खाचेतून येतो, म्हणून तेथे कापडाची घडी दाबून बसवावी. पडदा खिडकीपुरता आखूड न ठेवता खालपर्यंत पोहोचणारा असावा आणि त्यामागे जुन्या चादरीचे अस्तर लावावे. काच आणि कापड यांच्यामध्ये जी हवा अडकते तीच खरी भिंत असते. कापड केवळ तिला धरून ठेवते.

मात्र खोली पेटीसारखी सर्व बाजूंनी बंद करू नये. झोपलेल्या माणसांच्या श्वासाला ताजी हवा लागते. म्हणून वरच्या बाजूची एक लहान झडप किंचित उघडी राहू द्यावी. अंगावर येणारा झोत थांबवायचा आहे, हवा थांबवायची नाही.

उन्हाची वेळ

हिवाळ्यातील ऊन हे निसर्गाने बिनव्याजी दिलेले भांडवल आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात साताऱ्या-सांगलीच्या आकाशात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे झुकून क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवर असतो. मे महिन्याच्या पूर्वार्धात तोच सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. म्हणून दक्षिणेची खिडकी उन्हाळ्यात भर दुपारी छज्जाच्या सावलीत राहते आणि हिवाळ्यात घरात ऊन आणते. दोन फुटांच्या छज्जाची सावली डिसेंबरच्या मध्यान्ही जेमतेम सव्वादोन फूट खाली उतरते. त्याखालच्या भागातून ऊन थेट फरशीवर पडते. असे असताना दक्षिणेच्या खिडकीपुढे मालाची खोकी, कपाट किंवा जाड पडदा असेल तर ते दारी आलेल्या उन्हाला परत पाठवण्यासारखे आहे.

घराचा दिनक्रम त्याप्रमाणे आखावा. सकाळी धुके ओसरल्यावर, साधारण दहाच्या सुमारास, सर्व खिडक्या उघडाव्यात. रात्रीची दमट हवा बाहेर जाऊ द्यावी आणि ऊन आत घ्यावे. दुपारी चारनंतर उत्तर आणि पूर्वेकडील खिडक्या बंद कराव्यात आणि सूर्यास्तापूर्वी, म्हणजे या दिवसांत सहाच्या आत, घर मिटलेले असावे.

रात्रिभोजनत्याग वा चौविहार पाळणाऱ्या घरांसाठी या वेळेला विशेष अर्थ आहे. तेथे स्वयंपाकघर सूर्यास्तापूर्वी विसावते. इतर घरांत रात्री आठ-नऊपर्यंत शेगडीची जी ऊब मिळत राहते ती येथे पाच-साडेपाचलाच मिळून जाते. त्या वेळी खिडक्या सताड उघड्या असतील तर ती रात्रीच्या उपयोगी पडत नाही. वाफ आणि धूर बाहेर गेल्यावर, शेगडी पूर्ण बंद झाल्याची खात्री करून, स्वयंपाकघराच्या खिडक्या मिटाव्यात आणि माजघराकडील दार उघडे ठेवावे. गरम भांड्यांची, ओट्याची आणि भिंतीची ऊब पुढे दोन तास घराच्या कामी येते.

आजींचा पलंगही याच हिशोबाने हलवता येतो. चार महिन्यांसाठी त्यांची निजण्याची जागा दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या खोलीत करावी, पलंग बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर घ्यावा आणि खिडकीखाली उशी येऊ देऊ नये. या बदलाला पैसा लागत नाही. फक्त घरातील कोणाला तरी आपली चांगली खोली काही काळ सोडावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घर आणि आरोग्य यांविषयी मार्गदर्शन करताना थंडीच्या दिवसांत घरातील तापमान किमान १८ अंश असावे असे सुचवले. वृद्ध, तान्ही मुले आणि जुनाट विकार असलेल्यांना त्याहून अधिक उबेची गरज असते. भिंतीवरचा साधा तापमापक दीड-दोनशे रुपयांत मिळतो. आजींच्या खोलीत तो लावावा. मग “मला उकडतं” या उत्तराची खातरजमा होईल.

भिंत, छप्पर, फरशी

सांगलीशेजारच्या हरिपूरला हळद साठवण्यासाठी जमिनीत पेवे खणली जात. महापुरांनी त्यांतील पुष्कळ निकामी केली. परंतु त्यांमागील ज्ञान अजून खरे आहे. खोल मातीत ना उन्हाळ्याची तलखी पोहोचते ना हिवाळ्याचा गारठा, म्हणून हळद टिकते. जुन्या वाड्यांच्या दोन-दोन फूट जाड पांढऱ्या मातीच्या भिंती आणि माळवदाचे छप्पर हेच काम जमिनीवर करीत. दिवसाचे ऊन भिंत हळूहळू पिई आणि रात्री हळूहळू परत करी. आजच्या काँक्रीटच्या स्लॅबची जाडी पाच-सहा इंचांची. निरभ्र आकाशाखाली तो रात्रीतून आपली ऊब गमावून बसतो. पत्र्याचे छप्पर तर सूर्य मावळताच गार पडते.

ज्यांचे जुने घर अजून उभे आहे त्यांनी ते पाडण्यापूर्वी एक हिवाळा त्याच्या माजघरात निजून पाहावे. ज्यांच्या डोक्यावर पत्रा आहे त्यांनी त्याखाली बांबूच्या चटईचे किंवा कापडाचे छत बांधावे. चूल, पाणी आणि निजण्याच्या जागेवर चंदरवा बांधण्याची चाल जैन घरांना नवी नाही. वरून जीवजंतू पडू नयेत हा त्यामागील हेतू. परंतु कापड आणि छप्पर यांच्यामध्ये अडकलेली हवा ऊबही राखते. शेगडीवरील कापड मात्र ज्वालेपासून पुरेसे उंच आणि सुती असावे. थर्माकोलची छते लवकर पेटतात, म्हणून ती टाळलेली बरी.

शहाबादी फरशीवर दिवसभर उभे राहणाऱ्या गृहिणीचे पाय संध्याकाळी ठणकतात, कारण दगड पायांतील ऊब सतत ओढून घेत असतो. ओट्यापुढे, पूजेच्या आणि सामायिकाच्या जागी जाड सतरंजी किंवा दुहेरी चटई अंथरावी.

सांगलीच्या कृष्णाकाठच्या घरांना आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे ओल. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत ज्या भिंती दिवसेंदिवस पाण्यात राहिल्या त्यांतील क्षार अजूनही हवेतील ओलावा धरून ठेवतात. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा अधिक वेगाने ऊब बाहेर नेते आणि तिच्यावर बुरशी धरते. अशा भिंतीला तेलरंग लावला तर ओल आत कोंडते आणि पोपडे पडतात. त्याऐवजी सैल गिलावा काढून चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी करावी, म्हणजे भिंत श्वास घेते. बुरशी आल्यावर ती खरवडून काढण्यात जीवहिंसा आहे. ती येऊच न देण्यात जयणा आहे. हिवाळ्याचे दुपारचे ऊन आणि खेळती हवा हे त्याचे सर्वांत स्वस्त साधन होय. न्हाणीघराचे दार बंद ठेवून वाफ घरात येऊ न देणे आणि ओले कपडे निजण्याच्या खोलीत न वाळवणे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

अंथरूण आणि पांघरूण

घर तापवण्यापेक्षा माणूस उबदार ठेवणे नेहमीच स्वस्त पडते. शांत बसलेला प्रौढ माणूस स्वतःच साधारण १०० वॅट इतकी उष्णता बाहेर टाकत असतो. संध्याकाळच्या प्रतिक्रमणासाठी, मुलांच्या अभ्यासासाठी घरातील पाच माणसे एकाच खोलीत बसली तर ती खोली आपोआप उबदार होते. तीच पाच माणसे पाच खोल्यांत, पाच पडद्यांसमोर बसली तर पाचही खोल्या गारच राहतात.

अंथरुणाकडे पांघरुणाहून अधिक लक्ष द्यावे. शरीराच्या भाराने खालची गादी दबते, तिच्यातील हवा निघून जाते आणि थंडी खालून चढते. वर दोन रजया घेऊनही पाठ गार राहते ती यामुळेच. गादीचा कापूस दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्यावा आणि गादीखाली घोंगडे अंथरावे.

घोंगडे हे या दोन जिल्ह्यांचे स्वतःचे वैभव आहे. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यातील धनगरांच्या मेंढ्यांची लोकर आणि सणगरांचे माग यांतून ते तयार होते. चिंचोक्यांची खळ दिलेले घोंगडे प्रारंभी अंगाला टोचते, म्हणून त्याला जुन्या धोतराचे अस्तर लावावे. कातरलेल्या लोकरीसाठी मेंढीचा जीव जात नाही, तर पिसांच्या महाग रजयांमागे काय असते याचा विचार ज्याने त्याने करावा. जुन्या साड्यांची वाकळ किंवा गोधडी हीसुद्धा थरांत अडकलेल्या हवेचीच किमया आहे. एका जाड रजईपेक्षा दोन-तीन पातळ पांघरुणे अधिक ऊब देतात. दर चार-आठ दिवसांनी सारे अंथरूण गच्चीवर उन्हात टाकावे. दमटपणा गेला की पांघरूण हलके होते, उबदार होते आणि त्यात जीवोत्पत्ती होत नाही. हंगाम संपल्यावर लोकरीचे कपडे पूर्ण वाळवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून बांधून ठेवावेत. मग डांबराच्या गोळ्यांची गरज उरत नाही.

आजींच्या पायांशी रबरी पिशवी ठेवावी. दीड लिटर पाणी २० अंशांवरून ७० अंशांपर्यंत तापवण्यास युनिटच्या दहाव्या भागाहूनही कमी ऊर्जा लागते; म्हणजे तो मोठा हीटर तीन मिनिटांत जितकी वीज खातो तितकीसुद्धा नाही. घरात पिण्यासाठी पाणी उकळतच असेल तर त्याच वेळी हे पाणीही तापवून घ्यावे. पिशवीत उकळते पाणी भरू नये आणि तिला कापड गुंडाळल्याशिवाय वापरू नये. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना मंदावली आहे त्यांच्या अंथरुणात ती आधी ठेवून, ते निजण्यापूर्वी काढून घ्यावी. एरवी भाजल्याचे त्यांना कळतही नाही.

पोटातील उबेविषयी फार सांगणे नको. बाजरीची भाकरी, तीळ, गूळ, डिंकाचे लाडू हे आजींनाच अधिक ठाऊक. ओले आले आणि ओली हळद वर्ज्य मानणाऱ्या घरांत सुंठ आणि सांगलीची वाळलेली हळद आहेच.

निखारा, गॅस आणि तार

काटकसरीच्या नावाखाली एका गोष्टीत कधीही तडजोड करू नये. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजणे म्हणजे मृत्यूला अंथरुणाशेजारी जागा देणे होय. धुमसणाऱ्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. प्रथम डोके जड होते, मग गुंगी येते आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. धूर दिसत नाही म्हणून निखारा निर्धोक, ही समजूत घातक आहे. बाळंतिणीच्या खोलीतील शेक-शेगडीलाही हेच लागू आहे : दार उघडे असावे, जागे माणूस जवळ असावे आणि काम होताच शेगडी बाहेर न्यावी.

बंद न्हाणीघरातील गॅस गिझर हे त्याच संकटाचे आधुनिक रूप. हिवाळ्यात फटी बुजवण्याच्या भरात न्हाणीघराचा झरोका बुजवला जातो आणि गिझर मात्र आतच जळत राहतो. तो बाहेरच्या हवेशीर भिंतीवर बसवून घ्यावा. ते जमत नसेल तर आधी बादली भरावी, गिझर बंद करावा, मग स्नानास जावे. स्वयंपाकाच्या गॅसवर खोली तापवण्याचा प्रयोग कोणीही करू नये.

हीटर वापरावाच लागला तर त्याची तार तपासावी. २००० वॅटचा हीटर जवळपास ९ अँपिअर प्रवाह ओढतो. ६ अँपिअरच्या साध्या प्लगवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर तो लावणे धोक्याचे आहे. पडदा, पांघरूण आणि हीटर यांत किमान तीन फूट अंतर राहावे. खाली कापड, कागद किंवा गोणपाटातील माल आणि वर निजलेले कुटुंब अशा घरांत एका ठिणगीची किंमत वर्षाच्या नफ्याने फिटत नाही. आजारी माणसासाठी निजण्यापूर्वी अर्धा तास हीटर लावून खोली तापवावी आणि मग तो बंद करावा. फटी बुजवलेल्या खोलीत तेवढी ऊब पुरते. तीन तासांचे काम अर्ध्या तासावर आले की महिन्याचे १८० युनिट ३० वर येतात. त्यानंतर घरात बिलाची चर्चा उरत नाही आणि आजींना रात्री उठून बटण बंद करण्याचे कारणही उरत नाही.

उंबऱ्याबाहेर

घराचा जमाखर्च जुळल्यावर एक नोंद अजून राहते. याच महिन्यांत साखर कारखान्यांचे गाळप सुरू असते. बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून आलेली ऊसतोड कुटुंबे सातारा-सांगलीच्या शिवारांत पाचटाच्या कोपींत राहतात. दाराला दार नाही, भिंतीला भिंत नाही आणि तान्ही मुले आईसोबत पहाटेच फडावर. बाजारपेठेत तर त्याहूनही जवळची माणसे आहेत : दुकानाच्या फळीवर निजणारा राखणदार, मार्केट यार्डात पहाटेची गाडी उतरवणारा हमाल.

कपाटाच्या तळाशी वर्षानुवर्षे घडी न मोडलेल्या रजया अनेक घरांत असतात. अपरिग्रहाचे व्रत ग्रंथांत वाचायचे असते तसेच ते कपाट उघडूनही पाळायचे असते. मात्र देताना फाटके देऊ नये. आपण ज्यात निजू तेच द्यावे आणि डिसेंबरातच द्यावे. संक्रांत उलटल्यावर दिलेल्या पांघरुणाने देणाऱ्याचे कपाट रिकामे होते, घेणाऱ्याची थंडी मात्र तोवर सोसून झालेली असते.